१ टीबी हार्ड डिस्कची इमेज ४८० जीबी एसएसडीवर रिस्टोर होत नाही, काय करू?

मानेवाडा_रिंगरोड:

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०, नागपूरच्या बर्डीवरून असेम्बल करून आणलेला. वापरतात मुख्यतः बाबा, सोसायटीच्या हिशोबाचं सगळं त्यावरच आहे, शिवाय मराठी टायपिंगचं एक जुनं डोंगलवालं (मशीनला डोंगल चावीसारखं लावलं तरच चालणारं) सॉफ्टवेअर आहे ज्याची सीडी सापडत नाही आणि ज्यानं विकलं तो आता फोन उचलत नाही, त्यामुळे फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकणं हा ऑप्शन नाहीच असं समजा.

हल्ली मशीन चालता चालता अडकते, माऊस फिरतो पण काहीच उघडत नाही, मग जरा वेळानं आपोआप सुटते. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं तर पिवळं 'कॉशन' आलं, ०५ आणि सी५ या दोन ओळींसमोर आकडे आहेत. म्हणून ४८० जीबीची साटा एसएसडी आणि १ टीबीची एक्स्टर्नल घेऊन आलो. क्लोनझिलाच्या पेन ड्राईव्हवरून बूट करून आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, एक्स्टर्नलवर घेतली, ती काही एरर न येता झाली. पण तीच इमेज एसएसडीवर टाकायला गेलो की म्हणते टार्गेट डिस्क लहान आहे, आणि तिथंच थांबते. डेटा तर सगळा मिळून सव्वातीनशे जीबीच्या आत आहे, मग ४८० मध्ये बसायला हरकत काय आहे तेच समजून नाही राहिलं.

यूट्यूबवर एक जण सांगतो की आधी जुन्या डिस्कवरची पार्टिशन (सी, डी, ई असे भाग) श्रिंक म्हणजे लहान करा, मग इमेज घ्या. करू का? आणि यापुढे बाबांना स्वतःला जमेल असा काही बॅकअप लावून देता येईल का तेही सांगा, मी पुण्यात असतो, सुट्टी संपली की परत जाईन.

जुना_टेक्निशियन:

श्रिंक अजिबात करू नको भाऊ. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, तिथलं डिस्कले नीट वाचता येऊन नाही राहिलं. अन श्रिंक म्हणजे काय, तं पार्टिशनच्या शेवटी पडलेला डेटा उचलून पुढं आणायचा, म्हणजे त्याच आजारी डिस्कवर वाचणंही आलं अन लिहिणंही आलं. इमेज घेताना लाईट गेली तं परत घेता येते, रिस्टोर करताना गेली तं परत करता येते, श्रिंकमधी मधातच गेली तं मंग बस रिकव्हरीवाल्याच्या दारात. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) बी मारू नको, लोकं पहिले तेच करतात, ते पूर्ण डिस्क घासून काढते अन जे दोन दिवस चालणार होतं ते बी नाही चालत.

आता लहान डिस्कवर काऊन बसत नाही ते सांगतो. क्लोनझिला फायली नाही उचलत, पार्टिशनमधले भरलेले ब्लॉक उचलते अन ज्या नंबरवर होते त्याच नंबरवर नेऊन ठेवते. तुझा एखादा फोटो ७०० जीबीच्या ठिकाणी पडला असंन तं ४८० च्या डिस्कवर तो नंबरच नाही. डेटा तीनशे असो का तीस, त्याले काही घेणं देणं नाही. चेक बंद करायचं ऑप्शन एक्स्पर्ट मोडमधी हाय, पण त्यानं काही जागा तयार नाही होत, हात लावू नको.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. ते फक्त भरलेलेच ब्लॉक वाचते, अन खराब सेक्टर लागला असता तं मधातच थांबलं असतं. तुझी इमेज पूर्ण झाली म्हणजे खराबी बहुतेक रिकाम्या जागेत हाय. ती इमेज राहू दे, डिलीट करू नको.

डिस्क मॅनेजमेंट उघडून पार्टिशन कशी हायेत ते लिही. बर्डीचं मशीन म्हणतो तं सी डी ई असंच पाडून दिलं असंन.

मानेवाडा_रिंगरोड:

अगदी तसंच आहे भाऊ. सुरुवातीला सिस्टम रिझर्व्हड ५०० एमबी, मग सी १४६ जीबी त्यात ८८ भरलेलं, डी ३९० त्यात १७० म्हणजे फोटो व्हिडिओ आणि हिशोबाचं फोल्डर, ई ३९४ त्यात ६०, गाणी वगैरे. ई मध्ये 'बॅकअप' नावाचं फोल्डर आहे, त्यात एक मोठी फाईल आहे, ती मशीन बनवणाऱ्यानंच ठेवलेली दिसते. डिस्क एमबीआर म्हणजे जुन्या पद्धतीच्या पार्टिशन मांडणीची आहे, बिटलॉकरचं लॉक वगैरे काही नाही.

जुना_टेक्निशियन:

ते घोस्ट असंन, म्हणजे नॉर्टन घोस्टनं काढलेली सी ची इमेज. तेव्हा सगळेच ठेवत होते. विंडोज टाकली, ड्रायव्हर टाकले, ऑफिस टाकलं का सी ची घोस्ट काढून शेवटच्या पार्टिशनमधी ठेवून द्यायची, व्हायरस आला का अर्ध्या घंट्यात मशीन परत जशीच्या तशी. नॉर्टन घोस्ट सिमँटेकनं २०१३ मधीच बंद केलं पण ती सवय काही गेली नाही. विंडोज बिघडली तं ती फाईल कामाची, डिस्कच गेली तं सी बी गेलं अन घोस्ट बी गेलं. शिवाय ती मशीन नवीन होती तेव्हाची, तुझ्या बाबांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर तिच्यात कुठून येईन.

तुझं काम सोपं हाय. डी अन ई ची इमेज घेतलीच कशाले? घर बदलताना माणूस संसार उचलून नेते, गल्ली नाही उचलत. विंडोज अन सॉफ्टवेअर सी वर, त्याची इमेज. फोटो गाणी म्हणजे नुसत्या फायली, त्याची कॉपी. सिस्टम रिझर्व्हड अन सी मिळून १४६ च होते, ते ४८० मधी आरामात बसते. श्रिंकचा प्रश्नच नाही.

ऑरेंज_सिटी_गेमर:

एवढी भानगड कशाला बे, एसएसडीवर विंडोज ११ फ्रेश मार, फोटो कॉपी कर, संध्याकाळपर्यंत मोकळा. इमेज बिमेज जुन्या लोकांची कामं आहेत, जुना कचरा नवीन डिस्कवर कशाला न्यायचा.

खामला_चौक:

गेमर भाऊ, त्यानं पहिल्या पॅऱ्यातच लिहिलंय की सॉफ्टवेअरची सीडी नाही. आणि चौथ्या जनरेशनच्या इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आठव्यापासून पुढं चालतं, जुगाड करून बसवता येतं पण रिटायर्ड माणसाच्या मशीनवर जुगाड कोणी निस्तरायचा, पोरगा तर पुण्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, ज्यांनी एक्स्टेंडेड अपडेटसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, ते करून घ्यावं. पण तो विषय वेगळा, आज डिस्क मरून राहिली तो आजचा.

मानेवाडावाले, आता टूलचं बोलू. पूर्वी कोणी विचारलं की डोळे मिटून मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री सांगायचो, पण त्यांनी फ्री व्हर्जन बंद केलं, १ जानेवारी २०२४ नंतर त्याला सिक्युरिटी पॅचही नाही, आता ट्रायल किंवा पैसे. कंट्रोल पॅनलमधलं 'बॅकअप अँड रिस्टोर विंडोज ७' अजून दिसतं पण मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासून ते वाऱ्यावर सोडलंय आणि जुन्यापेक्षा लहान डिस्क दिसली की रिस्टोरच्या वेळी ते हमखास कुरकुर करतं, म्हणजे तुमच्या केसमध्ये परत तिथंच येऊन पडाल. रेस्क्यूझिला म्हणजे क्लोनझिलाच, फक्त माऊसनं चालणारं, तुमची आत्ताची इमेजही त्यात उघडते. तुमच्यासाठी मी वीम एजंटचं फ्री एडिशन सांगेन, अकाउंट काढावं लागतं, तेवढा त्रास, पण ते चालू विंडोजमधून इमेज घेतं आणि बाबांच्या बॅकअपचा प्रश्नही त्यातच सुटतो, तो खाली सांगतो.

करायचं असं. सगळ्यात आधी डी वरचं हिशोबाचं फोल्डर आणि फोटो एक्स्टर्नलवर साधे कॉपी करा, इमेजचं नंतर, कारण विंडोज परत मिळेल पण फोटो नाही. कॉपीसाठी रोबोकॉपी (विंडोजमधलंच कमांडनं चालणारं कॉपीचं टूल) वापरत असाल तर एक सांभाळा, ते डिफॉल्टला एकेका फाईलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतं, खराब सेक्टरवरची एखादी फाईल लागली की तिथंच मुक्काम, आणि तेवढा वेळ डिस्क तोच खराब भाग खरवडत बसते. रिट्राय १ आणि वेट १ देऊन चालवा, जी फाईल अडेल ती सोडून पुढं जाऊ द्या, शेवटी लॉगमध्ये दिसतेच कोणती राहिली. ती मग क्लोनझिलाच्या इमेजमधून काढू.

मग वीममध्ये व्हॉल्यूम लेव्हल बॅकअप निवडा आणि 'ऑपरेटिंग सिस्टम' वर टिक करा, म्हणजे सी बरोबर सिस्टम रिझर्व्हडही आपोआप येतं. हे विसरून नुसतं सी घेणारे मग बूट होत नाही म्हणून रडतात, एमबीआर मशीनमध्ये बूटच्या फायली त्या ५०० एमबीत असतात. त्यानंतर रिकव्हरी मीडियाचा पेन ड्राईव्ह बनवा आणि काहीही उपटायच्या आधी त्यावरून एकदा बूट करून बघा की एक्स्टर्नल डिस्क दिसते का, त्यातला बॅकअप उघडतो का आणि एसएसडी दिसते का. तिन्ही दिसले तरच पुढं.

रिस्टोरच्या वेळी जुन्या डिस्कची साटा केबल काढून बाजूला. याची दोन कारणं, एक तर चुकून तीच टार्गेट म्हणून निवडली जात नाही, आणि दुसरं म्हणजे इमेजमधून आलेल्या डिस्कची सिग्नेचर (ओळख नंबर) जुनीसारखीच निघू शकते, दोन्ही एकदम लागलेल्या असल्या की विंडोज गोंधळते, एकीला ऑफलाईन करते किंवा ड्राईव्ह लेटर उलटेपालटे होतात. बायोसमध्ये साटा मोड जो आहे तोच ठेवा. तीच मशीन, तोच कंट्रोलर, त्यामुळे ड्रायव्हरचा लफडा येणार नाही, विंडोजचं ॲक्टिव्हेशनही मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यानं जात नाही.

सी १४६ च राहू द्या, उरलेल्या तीनशेचं एकच पार्टिशन पाडा आणि त्याला लेटर डी च द्या. हिशोबाचं सॉफ्टवेअर डी मधलाच पाथ शोधणार आहे, बाबांना वेगळं काही दिसायला नको.

एक्स्टर्नल मागच्या निळ्या पोर्टला लावा. यूएसबी २ ला ३० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, ८८ जीबीला पाऊण तासाच्या वर जाईल, आजारी डिस्क जितका कमी वेळ फिरेल तितकं बरं. आणि हे सगळं पहाटे करा, भर दुपारी नाही. मे महिन्यात आपल्याकडं खोलीतच चाळीस असते, कॅबिनेटचं साईड पॅनल काढून टेबल फॅन त्याच्यावर सोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये टेम्परेचरवर लक्ष ठेवा.

डीटीपी_महाल:

टायपिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल मला बोलायचंय कारण आमच्याकडे रोजचं तेच काम आहे. एसएसडीनं आत्ताचं भागेल, पण मदरबोर्ड गेला तर काय? चौथ्या जनरेशनचा बोर्ड आता सेकंडहँडच मिळतो. म्हणून मशीन चालू आहे तोवर सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी चालवून सिस्टम रिझर्व्हड आणि सी ची एक व्हीएचडी (व्हर्च्युअल डिस्क) फाईल करून ठेवा. छोटं फुकटचं टूल आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, फक्त 'व्हीएचडीएक्स' वरची टिक काढा म्हणजे साधी व्हीएचडी बनते. ती फाईल पुढं कोणत्याही नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) लावली की जुनं विंडोज खिडकीत सुरू होतं, आणि डोंगल यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स ते आतल्या विंडोजला जोडून देतं. मायक्रोसॉफ्टचं तसंच हायपर-व्ही आहे, पण त्यात यूएसबी असं आत जात नाही, तिकडं वेळ घालवू नका. आमची जुनी फॉन्टवाली कामं अजून अशीच निघतात. त्या आतल्या विंडोजला मात्र इंटरनेट देऊ नका, आणि ॲक्टिव्हेशन मागेल कारण त्याच्या दृष्टीनं मशीन बदललेली असते.

दुसरं, एक्स्टर्नल डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका हो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरीचं पाणी आणि नाग नदी घरांमध्ये शिरली तेव्हा आमच्या एका नातेवाइकांकडे सीपीयू जमिनीवर होता तो गेला आणि बॅकअपची डिस्क सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये होती तीही गेली. बॅकअप होता, पण दोन फूट अंतरावर. फोटोंची एक कॉपी तुम्ही पुण्याला घेऊन जा, सगळ्यात सोपं.

जुना_टेक्निशियन:

ताईंचं बरोबर हाय. डोंगल बी जपून ठेवा, त्याची काही इमेज निघत नाही.

मानेवाडा_रिंगरोड:

सगळ्यांना धन्यवाद, काम झालं. खामलावाल्या दादांनी सांगितलं त्याच क्रमानं केलं. फोटोंच्या कॉपीत काही मोजक्या व्हिडिओ फाईल अडल्या, लॉगमध्ये नावं आली, त्या रेस्क्यूझिलातून क्लोनझिलाची इमेज उघडून काढून पाहिल्या, चालल्या. वीमचा बॅकअप एकाच झटक्यात झाला. रिस्टोर करताना मॅन्युअल निवडून डिस्क मॅपिंगमध्ये सिस्टम रिझर्व्हड आणि सी एसएसडीवर टाकलं, केबल काढलेली असल्यानं समोर एकच डिस्क होती, चुकायला वावच नव्हता. पहिल्या बूटला जरा वेळ लागला, मग डेस्कटॉप जसाच्या तसा, बाबांचे आयकॉनसुद्धा जिथल्या तिथं. टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल लावताच उघडलं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरनं तेवढी परत ॲक्टिव्हेशनची खिडकी दाखवली, जुनी की टाकली, झालं. बाबा म्हणे एवढं फास्ट होतं तर आधीच का नाही केलं.

व्हीएचडी पण बनवली ताई, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुरूही झाली.

आता दोनच प्रश्न. बाबांसाठी महिन्याचा बॅकअप कसा लावू, त्यांना प्रोग्राम उघडून नेक्स्ट नेक्स्ट करणं जमणार नाही. आणि जुनी डिस्क कॅबिनेटमध्येच परत लावून बॅकअपसाठी वापरली तर चालेल का, जागा बरीच आहे तिच्यात.

खामला_चौक:

बाबांसाठी वीमच्याच शेड्यूलमध्ये 'बॅकअप टार्गेट कनेक्ट झाल्यावर' असं ऑप्शन आहे ते टिक करा, आणि त्याखाली बॅकअप संपला की डिस्क इजेक्ट करायचं आहे तेही करा. मग बाबांनी फक्त महिन्यातून एकदा एक्स्टर्नल लावायची, बॅकअप आपोआप सुरू होतो, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर फक्त बदललेलं, आणि संपलं की डिस्क आपोआप इजेक्ट होते, त्यांनी केबल काढून कपाटात ठेवायची. कायम लावून ठेवू नका म्हणावं, रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअपही लॉक होतो, २०१७ च्या वॉनाक्रायच्या वेळी असेच किती जणांचे बॅकअप सोबतच गेले. पेन्शनची किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सची तारीख असेल ना महिन्याची, त्याच दिवशी लावायची असं ठरवून द्या, मोबाईलमध्ये रिमाइंडर टाका.

यात सी बरोबर नवीन डी पण घेतलं तरी चालेल, १ टीबीत मावतं. पण फोटोंची साधी कॉपी वेगळी असू द्याच. वीमची फाईल उघडायला वीम लागतं, फोटोंचं फोल्डर पुतण्याच्या लॅपटॉपवरही उघडतं, टीव्हीलाही लागतं. आणि पुढच्या सुट्टीत आलात की रिकव्हरीच्या पेन ड्राईव्हवरून बूट करून बॅकअप उघडतो का तेवढं बघून जा, पेन ड्राईव्ह पडून पडून खराब होतात. त्याला टेप लावून कॅबिनेटच्या आतच चिकटवा म्हणजे कोणी गाणी भरायला नेणार नाही.

जुना_टेक्निशियन:

अन जुनी डिस्क लावू नको बावा. पिवळी झालेली डिस्क बॅकअपले ठेवणं म्हणजे परत तोच धंदा, शिवाय ती लागली असली का मशीन तिच्यासाठी थांबते, तुले वाटीन एसएसडीच अडकून राहिली. सध्या अँटिस्टॅटिक पाकिटात घालून ठेवजो, दोन-तीन महिने सगळं बरोबर चाललं, बाबांनी 'अमुक फाईल कुठं गेली' असं विचारणं बंद केलं, का मंग काढून टाक. तोपर्यंत क्लोनझिलाची इमेज बी राहू दे, जागा कमी पडली तं पहिले ती उडव. डिस्क ओएलएक्सवर टाकायची नाही, फॉरमॅट मारून बी नाही, सोसायटीच्या सगळ्यांचे हिशोब हायेत त्याच्यात. वाचत असंन तं पूर्ण डिस्कवर झिरो लिहून टाकजो, नाही वाचली तं स्क्रू खोलून प्लेट मोडून ई-वेस्टमधी दे. आतमधी चुंबक चांगलं निघते, ते काढून घेजो.